पाय आले की वल्हं बाहेर: कर्लीच्या खाडीतल्या एका स्ट्रोकचं प्रकरण

पहिल्या दिवशी सकाळी प्रशिक्षकांनी माझा मिनिटभराचा व्हिडिओ काढला, मला जेटीवर बसवलं, फोन हातात दिला आणि म्हणाले, "ताई, बघू नका. डोळे मिटून नुसतं ऐका."

छपाक. छपाक. छपाक. मध्ये माझी धाप. तीन वर्षं मी स्टँड-अप पॅडलिंग, म्हणजे लांब बोर्डवर उभं राहून एका वल्ह्याने वल्हवणं, करत होते. हा आवाज मी ऐकत आले होते आणि वल्हवलं की असाच आवाज येतो, अशी माझी समजूत होती.

"हा आवाज आहे ना, तेवढी ताकद वाया," ते म्हणाले. मग फोन खिशात टाकला आणि त्या आवाजाबद्दल दुपारपर्यंत अवाक्षर काढलं नाही. शिकवणं कशाला म्हणतात याचा पुढे दोन दिवस जो धडा मला मिळाला, त्याची सुरुवात या गप्प बसण्यातून झाली. तेव्हा मात्र मला ते विसरले असंच वाटलं.

प्रकरण माझंच आहे, तर आधी माझी माहिती. वय ४७, उंची १६० सेंटिमीटर, कुडाळला शाळेत विज्ञान शिकवते. न्यूटनचा तिसरा नियम दर जूनमध्ये नववीच्या वर्गाला समजावते आणि उदाहरण म्हणून होडी आणि वल्हं त्यात नेमाने येतं. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

बोर्ड हवा भरायचा, १० फूट ६ इंच लांब, ३२ इंच रुंद, ६ इंच जाड. वल्हं अॅल्युमिनियमचं, लांबी कमीजास्त करता येणारं. दोन्ही नवऱ्यात आणि माझ्यात सामाईक. जागा मालवणजवळचं देवबाग. कर्ली नदी तिथे समुद्राला मिळते; अलीकडे देवबागची चिंचोळी पट्टी, पलीकडे भोगवे. संगमाच्या तोंडाशी पर्यटकांच्या बोटींची धांदल असते, पण आत नेरूरपारच्या दिशेने वळलं की दोन्ही काठांना माड आणि खारफुटी. सकाळी मतलई वारा जमिनीकडून हलकेच येतो आणि पाण्यावर सुरकुती नसते. अकरा-बारानंतर खारे वारे सुटले की तेच पाणी ओळखू येत नाही.

तक्रारी तीन. पहिली, उजवा खांदा. रविवारी वल्हवलं की सोमवारी फळ्यावर वरच्या ओळीत लिहिताना हात अडायचा. दुसरी, बोर्ड सरळ जायचा नाही. एका बाजूला चार-पाच हात मारले की नाळ, म्हणजे बोर्डचं पुढचं टोक, दुसरीकडे वळायची, मग बाजू बदल, पुन्हा चार हात, पुन्हा बदल; पाण्यावर माझा रस्ता मुंगीच्या रस्त्यासारखा. तिसरी सांगायला जिवावर येतं. माझा नवरा, ज्याचा वर्षभराचा व्यायाम म्हणजे स्कूटरला किक मारणं, तो मला मागे टाकायचा.

यावर मी स्वतःच उपचार केले होते आणि ते सगळे एकाच दिशेचे होते: जास्त जोर. दंडाचे व्यायाम केले. पुढे आणखी लांब हात टाकायला लागले. आणि वल्हं पाण्यातून मागे, पार पार्श्वभागाच्या मागेपर्यंत ओढायला लागले. हिशोब सरळ होता, जितका वेळ पातं पाण्यात तितका वेळ ढकलणं चालू. कागदावर पटतं. फिजिओथेरपिस्टने खांदा तपासून सांगितलं की हात डोक्याच्या वर नेऊन जोर लावणं टाळा. मी मान डोलावली आणि पुढच्या रविवारी तेच केलं, कारण टाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे मला कळलं नव्हतं.

एक कबुली देऊन टाकते. पहिले सहा महिने मी वल्हं उलटं धरत होते. या वल्ह्याचं पातं दांड्याच्या सरळ रेषेत नसतं, साधारण दहा अंश वाकलेलं असतं. घरगुती अंदाजाने ते पळीसारखं धरावंसं वाटतं, म्हणजे खोलगट बाजू आपल्याकडे, पाणी गोळा करायला. खरं तर पातं आपल्यापासून पुढे झुकलेलं हवं. नदीवर येणाऱ्या नवख्यांपैकी निम्मे तरी ते उलटं धरतात. मी आता किनाऱ्यावरून ओरडून सांगते आणि त्यांना ते आवडत नाही.

प्रशिक्षक गोव्याचे, पस्तिशीतले, मराठीत मध्येच कोकणी मिसळणारे. परदेशात काही वर्षं उलांडीच्या, म्हणजे बाजूला तरंगता ओंडका बांधलेल्या, होड्यांच्या शर्यतींत वल्हवून परत आलेले. ठरलं ते असं: दोन पूर्ण सकाळी, मग सहा आठवडे माझा मी सराव, मग एक अर्धा दिवस तपासणी.

ते यायच्या आधी मी एक काम केलं होतं, ते या प्रकरणात पुढे उपयोगी पडलं. जेटीपासून नदीत झुकलेल्या एका माडापर्यंत आणि परत, असं मिळून एक किलोमीटर घड्याळाच्या जीपीएसवर आखून घेतलं. जाऊन-येऊन अशासाठी की भरती-ओहोटीचा प्रवाह एकदा मदत करतो, एकदा आडवा येतो. पूर्ण वजावट त्याने होत नाही, म्हणून दिवसही भांगाच्या भरतीचे निवडले, तेव्हा पाण्याची ओढ कमी असते. तीन फेऱ्यांची सरासरी: १३ मिनिटं ४० सेकंद, ६०४ स्ट्रोक (वल्ह्याचा एक हात म्हणजे एक स्ट्रोक), नाडी मिनिटाला १५१. म्हणजे एका स्ट्रोकला १ मीटर ६६ सेंटिमीटर.

वहीतले आकडे बघून प्रशिक्षक म्हणाले, "छान. आता दोन दिवस घड्याळ काढून ठेवा."

आवाज पुढे, कारण मागे

दुसऱ्यांदा व्हिडिओ दाखवला तो संथ गतीने आणि बाजूने. मला वाटलं होतं, आता पुढच्या छपाककडे बोट दाखवतील. त्यांनी चित्र थांबवलं ते वल्हं माझ्या मागे असताना. पातं पायांच्या मागे हातभर गेलेलं, तिरकं झालेलं, पाण्यातून वर येताना सुपाने पाखडावं तसं पाणी उडवत होतं. त्याच क्षणी बोर्डची शेपटी खाली बसली होती आणि नाळ वर उचलली होती. पुढच्या चित्रात नाळ धपकन खाली. प्रत्येक स्ट्रोकला ही सीसॉ.

आता इथे शिक्षिकेने गप्प बसायला हवं होतं, पण मलाच बोलायची घाई. पातं उभं असतं तेव्हा ते पाणी मागे ढकलतं आणि बोर्ड पुढे जातो. ते पायांच्या मागे गेलं की तिरकं होतं आणि पाणी मागे कमी, वर जास्त ढकलतं. पाणी वर, तर बोर्ड खाली. तिसरा नियम. वीसेक वर्षं शिकवतेय. पात्याला तो दहा अंशांचा बाक दिलेला असतो तोही एवढ्याचसाठी, की पायांजवळ येईपर्यंत ते जास्तीत जास्त वेळ उभं राहावं. मी त्या बाकाचा सगळा फायदा मागे नेऊन घालवत होते.

"मग पुढचा आवाज?" मी विचारलं.

"तो नंतर बघू."

त्यांनी लाल रंगाची इन्शुलेशन टेप काढली, वायरमन वापरतात ती, आणि बोर्डच्या दोन्ही कडांवर माझ्या अंगठ्यांच्या रेषेत एकेक पट्टी चिकटवली. सूचना एकच: पातं टेपपाशी आलं की बाहेर. टेप ओलांडायची नाही. जोर निम्मा.

पहिली दहा मिनिटं मी वल्हवतेय असं मला वाटलंच नाही. निम्मं जेवण झाल्यावर कोणी ताट उचलून न्यावं तशी चिडचिड झाली. हात सवयीने मागे जायचा आणि शेजारी आपल्या बोर्डवर उभे असलेले ते नुसतं म्हणायचे, "टेप." पुन्हा दोन हात बरे, तिसऱ्याला "टेप." अर्ध्या तासात हा शब्द मी शंभरेक वेळा ऐकला असेन. चाळीस मुलांच्या वर्गाला "शांत बसा" म्हणणारीला हे बरंच शिकवून गेलं, पण तो वेगळा विषय.

आणि मग एक गंमत झाली. साडेआठच्या सुमारास माझ्याच कानाला कळलं की छपाक कमी झालंय. कोणी सांगितलं नव्हतं, मी प्रयत्नही केला नव्हता. पूर्वी वल्हं एवढं मागे राहायचं की तिथून पुढे आणताना माझी धावपळ व्हायची. बोर्डचा वेग पडायच्या आत पुढचा हात टाकायचा म्हणून पातं पाण्यात ठेवलं न जाता आपटलं जायचं. आता मागचा फेरा वाचला तेवढा वेळ पुढे मिळाला, आणि हात आपोआप सावकाश खाली जायला लागला. आवाज पुढे होत होता, पण बिघाड मागे होता. मी तीन वर्षं आवाजाच्या जागी उपचार करत बसले होते.

तिथे काठावर जाळं शिवत बसणारे एक म्हातारे तांडेल आहेत. त्यांनी वर्षभरापूर्वीच मला म्हटलं होतं, "बाई, पाण्याक मारतास कित्याक? ता काय तुमचो वैरी हा?" मी हसून सोडून दिलं. निदान त्यांचं अचूक होतं. पण पाण्याला मारू नका एवढं कळून कोणाचा हात सुधारत नाही. कोणत्या टोकापासून उसवायला सुरुवात करायची हे ज्याला कळतं त्याला पैसे द्यावेत, असं माझं आता मत आहे.

वाळूत रोवलेलं वल्हं

ओहोटी लागली तसा नदीच्या मधला वाळूचा दांडा वर येऊ लागला. गुडघाभर पाणी असेल तिथे त्यांनी मला नेलं. बोर्डच्या तळाची फिन वाळूला लागणार नाही एवढंच.

"आता पातं पुढे टाका आणि वाळूत रोवा. घट्ट. मग वल्हं ओढायचं नाही. तुम्ही त्याच्यापाशी या."

मी रोवलं. वल्हं हललं नाही, हलणार कसं. मी कमरेतून सरळ होत गेले आणि पायांखालून बोर्ड पुढे सरकला, मऊ, बिनआवाजाचा, नाळ जागची न उचलता. वल्हं जिथल्या तिथे, मी मात्र त्याच्याजवळ. पुन्हा रोवलं, पुन्हा सरकले. उथळ पाण्यात होडीवाले काठीने होडी रेटतात ते लहानपणापासून बघितलंय; काठी कुठे जात नाही, होडी जाते. पाण्यात वल्हं घातलं की मात्र मी उलटं धरून चालले होते: मी इथे, वल्हं माझ्याकडे.

पंधरा-वीस वेळा वाळूत झाल्यावर दोन पावलं खोल पाण्यात. आता रोवायला वाळू नाही, पाणीच. पण पातं दांड्याच्या जोडापर्यंत पूर्ण बुडेपर्यंत ओढायचं नाही, हा नियम. अर्धं बुडालेलं असताना ओढलं की वरून हवा आत खेचली जाते आणि पात्यामागे बुडबुड्यांची पांढरी शेपटी निघते. हवेत रोवता येत नाही. पातं पूर्ण बुडालं, क्षणभर थांबलं, मग भार आला, तर पाणी वाळूसारखं घट्ट लागतं. माझा विश्वास बसला नसता, पण दहातल्या दोन-तीन हातांना खरोखर तसं लागलं. उरलेल्या सातांना छपाक.

या ठिकाणी मला आजीचं कांडण आठवलं. हळद कांडताना ती मुसळ हाताने मारायची नाही. मुसळ वर न्यायची, आणि मग अंगासकट खाली सोडायची. दंडाने मारणारी सून दुपारपर्यंत थकायची, आजी संध्याकाळपर्यंत कांडायची. वरच्या हाताचं काम हेच आहे. ओढायचं नाही, सोडायचं. मी प्रशिक्षकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मुसळ कसं धरतात ते दाखवायला लावलं आणि पुढच्या विद्यार्थ्यांसाठी ते उचललं.

उलांडी

ज्या पद्धतीचा स्ट्रोक मला शिकवला जात होता तिला ताहितीयन म्हणतात. तो आखूड असतो, पायांपाशी संपणारा आणि पटकन पुढे येणारा. जुनी हवाईयन पद्धत लांब पल्ल्याची, मागेपर्यंत ओढणारी. उभं राहून वल्हवण्याचा हा खेळ हवाईचा. वाईकीकीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना लाटांवर खेळायला शिकवणारी मंडळी विसाव्या शतकाच्या मध्यावर लाकडी बोर्डांवर उभी राहून होडीची वल्ही वापरत. पुढे लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांनी तो माउई बेटावर नव्याने उचलला आणि तिथून जगभर गेला. मोलोकाई ते ओआहू ही त्यातली मानाची शर्यत, ३२ मैलांची, उघड्या समुद्रातली. तिथे वाया गेलेला प्रत्येक स्ट्रोक अंगावर येतो, आणि उलांडीच्या होड्या वल्हवून आलेल्यांचं वळण तिथे कामी येतं. कलामा स्वतः त्याच घराण्यातले.

काठावर माडाखाली एक जुनी होडी पालथी पडलेली असते, तिची उलांडी सुटून शेजारी. प्रशिक्षक दुसऱ्या दिवशी चहा पिताना तिच्यापाशी गेले, उलांडीच्या ओंडक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हवाईत हिला आमा म्हणतात." होडी कलू नये म्हणून बाजूला तरंगता ओंडका बांधायची ही युक्ती प्रशांत महासागरात आहे आणि कोकणातही. मालवणच्या नदीवर मी हवाईचा खेळ शिकतेय, हे मला इतके दिवस जरा नाटकी वाटायचं. त्या चहानंतर वाटेनासं झालं.

आपल्याकडे हा खेळ अजून थोड्या किनाऱ्यांवर आहे. मंगळुरूजवळ ससिहित्लूला २०२४ च्या मार्चमध्ये इंडिया पॅडल फेस्टिव्हल झाला, जगभरचे स्पर्धक आले होते.

दुसरा दिवस, आणि एक चुकलेला निर्णय

दुसऱ्या सकाळी आधी वल्ह्याची लांबी. माझं वल्हं १९५ सेंटिमीटरवर होतं, कारण नवऱ्याची उंची जास्त आणि लांबी कोणी बदलायची हा आमच्यातला अनिर्णित वाद. उंचीपेक्षा वीस-पंचवीस सेंटिमीटर जास्त हा सर्वसाधारण ठोकताळा. लाटांवर खेळणारे त्याहून आखूड ठेवतात. माझं पस्तीस जास्त. म्हणजे प्रत्येक स्ट्रोकला वरचा हात डोक्याच्या वर आणि तिथून जोर. फिजिओथेरपिस्टचं वाक्य मला त्या क्षणी समजलं.

प्रशिक्षकांनी ते थेट १७८ वर आणलं. खांद्याला लगेच हलकं वाटलं. पण तासाभराने कंबर बोलायला लागली, कारण एवढ्या आखूड वल्ह्याने पातं पूर्ण बुडवायला मला नको तितकं वाकावं लागत होतं, आणि मी वाकत होते पाठीतून. त्यांनी ते बघितलं, "माझी घाई झाली" म्हणाले आणि १८१ केलं. आजही तेच आहे. हा प्रसंग मी मुद्दाम लिहितेय. चूक झाली हे एका तासात ओळखून सांगणारा माणूस मला न चुकणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

मग वाकणं कुठून, यावर सगळी सकाळ गेली. पाठ सरळ, खुब्यातून घडी. आधी गुडघ्यांवर बसवून वल्हवायला लावलं, म्हणजे पायांचा आधार जातो आणि धड फिरवल्याशिवाय पर्याय राहत नाही. ज्या बाजूला वल्हं, त्या बाजूचा खांदा पुढे, कंबरही थोडी पुढे. हात जवळजवळ सरळ. मग धड परत फिरतं आणि बोर्ड येतो. दंडांनी ओढलं तर थकतात ते लहान स्नायू. धडाने ओढलं तर पाठीचे आणि पोटाचे मोठे. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. अंगाला ठाऊक व्हायला गुडघे सोलवटावे लागले.

बोर्ड वळण्याच्या तक्रारीचा निकाल अर्धाच लागला आणि त्यांनी तो आधीच सांगून टाकला. वल्हं समोरून बघितलं तर उभं दिसायला हवं, वरचा हात कडेच्या बाहेर, खालच्या हाताच्या बरोबर वर. मी वरचा हात छातीसमोर ठेवत होते, त्यामुळे दांडा तिरका आणि पातं बोर्डपासून लांब. मध्यरेषेपासून जितकं लांब, तितका वळवायचा टॉर्क जास्त. शिवाय मी पातं बोर्डच्या गोल कडेला धरून फिरवत होते, मध्यरेषेला समांतर नव्हते नेत. ही दुसरी गोष्ट सुधारली. पहिलीबद्दल ते म्हणाले, "तुमच्या उंचीला ३२ इंच रुंदीवर वरचा हात पूर्ण बाहेर जाणार नाही. ओढून नेलात तर तोल जाईल. थोडा तिरका राहू दे. अरुंद बोर्ड घ्याल तेव्हा बघू." कार्बनचं वल्हं घ्यावं का, हेही विचारून घेतलं, नवऱ्याची शिफारस होती. अॅल्युमिनियमचं साधारण किलोभर, कार्बनचं जवळजवळ निम्मं. "घ्या, पण पुढच्या वर्षी. आत्ता घेतलंत तर सुधारणा कशाने झाली ते कळणार नाही." विज्ञानाच्या शिक्षिकेला हे गोव्याच्या माणसाने सांगावं.

निघताना त्यांनी त्यांची छोटी वही दाखवली. पहिल्या दिवशी, व्हिडिओच्या आधीच, माझ्या सात चुका लिहिलेल्या: लांबी, मऊ बोर्ड, उशिरा बाहेर, आपटणं, वाकलेले हात, तिरका दांडा, नजर पायांकडे. मला त्या दिवशी त्यातली एकच सांगितली होती. नजरेबद्दल तर शेवटपर्यंत बोललेच नाहीत, आणि गंमत म्हणजे टेप पाळायची म्हणून मी नजर आणखीच खाली नेली होती. "ती टेप निघाली की आपोआप वर येईल," म्हणाले. आली.

सहा आठवडे

दुसऱ्या दिवशी शेवटी घड्याळ परत बांधलं. १४ मिनिटं २० सेकंद. आधीपेक्षा ४० सेकंदांनी हळू. स्ट्रोक मात्र ५७५. नवऱ्याने हे ऐकून जे तोंड केलं ते लिहीत नाही.

पुढचे सहा आठवडे मी शनिवार-रविवारी गेले आणि एका वेळी एकच गोष्ट धरली. पहिले दोन आठवडे टेप, दुसरे दोन बिनआवाजाचं पातं, शेवटचे दोन धड. तिसऱ्या आठवड्यात सगळं बिघडलं. पातं नीट बुडवायच्या नादात मी प्रत्येक हाताला एवढी थांबायला लागले की दोन स्ट्रोकांच्या मध्ये बोर्ड जवळजवळ उभाच. हेही भौतिकशास्त्रच: पाण्याचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो, म्हणून धक्क्याधक्क्याने जाणाऱ्याला त्याच सरासरी वेगासाठी सारख्या वेगाने जाणाऱ्यापेक्षा जास्त ताकद लागते. आखूड स्ट्रोकचा खरा फायदा तिथे आहे. पुढचा हात लवकर येतो आणि वेग पडू देत नाही. मी स्ट्रोक आखूड केला होता पण परतीचा हात आळशी ठेवला होता. फोनवर व्हिडिओ पाठवला, उत्तर दोन शब्दांचं: "परत लवकर."

सहा आठवड्यांनी, पुन्हा भांगाची भरती, पुन्हा तीन फेऱ्यांची सरासरी: १२ मिनिटं ५ सेकंद, ५४८ स्ट्रोक, नाडी १४६. एका स्ट्रोकला १ मीटर ८२ सेंटिमीटर. हात पाण्यात आधीपेक्षा कमी अंतर चालतो, आणि बोर्ड प्रत्येक हाताला १६ सेंटिमीटर जास्त जातो. वेग १३ टक्क्यांनी वाढला. विरोध वर्गाने धरला तर लागणारी शक्ती घनाने वाढते, म्हणजे जुन्याच पद्धतीने हा वेग गाठायला ढोबळमानाने ४५ टक्के जास्त शक्ती लागली असती. नाडी मात्र पाचने खाली. एका बाजूला आता बारा-चौदा हात निघतात.

पण या आकड्यांत एक भेसळ आहे. पहिल्या सकाळी प्रशिक्षकांनी माझा बोर्ड अंगठ्याने दाबून बघितला होता आणि काही न बोलता पंप लावला होता. मी हवेच्या दहा पीएसआय दाबावर थांबायचे, कारण त्यापुढे पंप मारायचा कंटाळा. त्यांनी पंधरावर नेला. मऊ बोर्ड मध्ये खचतो आणि पाणी ओढतो. म्हणजे आधीचे आकडे मऊ बोर्डचे, नंतरचे कडक बोर्डचे. हे मनाला खात होतं, म्हणून एका रविवारी हवा परत दहावर आणून एक फेरी केली. १२ मिनिटं २५ सेकंद. एकच फेरी, त्यामुळे फार टेकू देऊ नये. तरी ९५ सेकंदांतले वीसेक पंपाचे आणि बाकीचे स्ट्रोकचे, एवढं म्हणायला हरकत नाही. वीस सेकंद फुकट मिळत होते आणि मी तीन वर्षं पंपाचे हात वाचवत होते.

खांद्याचं सांगायचं तर सोमवारची अडचण चौथ्या आठवड्यापासून नाही. त्यात वल्ह्याच्या लांबीचा वाटा किती आणि स्ट्रोकचा किती हे वेगळं काढता येत नाही, दोन्ही लागोपाठच्या दोन सकाळींत बदललं.

तपासणीच्या दिवशी

प्रशिक्षक परत आले तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी लीशकडे, म्हणजे बोर्ड अंगाला बांधून ठेवणाऱ्या दोरीकडे, बघितलं. त्या भागात होड्यांचे नांगरदोर आणि जाळ्यांचे खुंट असतात. वाहत्या पाण्यात घोट्याला बांधलेली लीश अशा दोरात अडकली तर वाकून सोडवता येत नाही. कमरेला बांधायची, एका खेचीत सुटणारी लीश त्यांनी पहिल्याच दिवशी सुचवली होती, मी अजून मागवली नव्हती. त्यांनी आपली काढून मला दिली आणि त्या दिवशी काठाजवळूनच वल्हवलं. लाजून मी संध्याकाळीच ऑर्डर केली.

डावी बाजू त्यांनी पास केली. उजवीकडे मी अजून उशिरा बाहेर काढते, विशेषतः वारा समोरून असला की. मेच्या मध्यावर एकदा उशीर झाला आणि परतताना खारे वारे नाळेवर घेतले, तेव्हा दहा मिनिटांत सगळं शिकलेलं गळून पडलं आणि जुनं छपाक छपाक पुन्हा सुरू झालं. त्या दिवशी प्रत्येक हाताला टेपच्या जागी बघत होते. टेप केव्हाच निघून गेलेली, नुसता चिकट डाग.

आता पावसाळ्यात नदी बंद. बोर्ड हवा काढून, गोड्या पाण्याने धुऊन माळ्यावर ठेवलाय, वल्हं १८१ वर घट्ट करून, आणि ते तिथून हलवायचं नाही असं घरात जाहीर केलंय. सप्टेंबरात पाणी निवळलं की पहिला व्हिडिओ उजव्या बाजूचा काढायचा, समोरून वारा असताना. लाल टेपचं नवं रीळ आणून ठेवलंय.